निविदेआधी आणि निविदेनंतर

शाळेतील बाकांपासून धरणाच्या दरवाजांपर्यंत आणि ग्रामीण रुग्णालयातील सलाइनच्या बाटल्यांपासून महानगरातील मेट्रोच्या डब्यांपर्यंत शासन जे जे विकत घेते किंवा बांधून घेते, ते बहुतांशी खासगी पुरवठादारांशी आणि ठेकेदारांशी केलेल्या करारांतून उभे राहते. भारतात अशा खरेदीचा एकूण आकार राष्ट्रीय उत्पन्नाच्या पाचव्या हिश्श्याच्या आसपास असावा, असा अंदाज अभ्यासक वारंवार मांडतात. या व्यवहाराची मूळ अडचण त्याच्या रचनेतच आहे. खासगी व्यवहारात पैसे देणारा, वस्तू निवडणारा आणि ती वापरणारा ही बहुधा एकच व्यक्ती असते. सरकारी खरेदीत मात्र पैसा करदात्याचा, निवड अधिकाऱ्याची आणि वापर तिसऱ्याच कुणाचा असतो. त्यामुळे वस्तू महाग मिळाली किंवा रस्ता पहिल्याच पावसात उखडला, तरी निर्णय घेणाऱ्याच्या खिशाला त्याची थेट झळ पोहोचत नाही. ही झळ कृत्रिमरीत्या निर्माण करण्यासाठी, म्हणजेच निर्णय घेणाऱ्याला त्या निर्णयाचा जाब देणे भाग पडावे यासाठी, निविदा, लेखापरीक्षण, माहितीचा अधिकार आणि न्यायालयीन पुनर्विलोकन अशी बरीच यंत्रणा गेल्या शतकभरात उभी राहिली. या यंत्रणेचा प्रकाश मुख्यत्वे निविदा उघडण्याच्या क्षणावर पडतो; त्याआधीचे आणि त्यानंतरचे टप्पे तुलनेने अंधारातच राहतात, आणि गैरव्यवहार स्वाभाविकपणे तिकडे सरकतो.

भारतीय संविधानाच्या अनुच्छेद २९९ नुसार केंद्र शासनाचे करार राष्ट्रपतींच्या आणि राज्य शासनाचे करार राज्यपालांच्या नावाने केले जातात. करार कोणाच्या नावाने करायचा हे संविधानाने सांगितले असले, तरी तो कोणाशी करायचा, याविषयी त्यात थेट मार्गदर्शन नाही. कोणत्याही मालकाप्रमाणे शासनालाही आपल्या मर्जीने ग्राहक किंवा पुरवठादार निवडता यावा, हा समज दीर्घकाळ टिकून होता. त्याला निर्णायक छेद दिला तो मुंबईच्या विमानतळावरील एका उपाहारगृहाच्या वादाने. आंतरराष्ट्रीय विमानतळ प्राधिकरणाने १९७७ च्या जानेवारीत विमानतळावर द्वितीय श्रेणीचे एक उपाहारगृह आणि दोन अल्पोपाहार केंद्रे चालवण्यासाठी निविदा मागवल्या आणि बोली लावणारा किमान पाच वर्षांचा अनुभव असलेला नोंदणीकृत द्वितीय श्रेणीचा हॉटेलचालक असावा, अशी अट घातली. सर्वाधिक शुल्क देऊ करणाऱ्याला काम मिळाले. मात्र ती पात्रता त्याच्याकडे नव्हती. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले आणि ‘रमणा दयाराम शेट्टी विरुद्ध भारतीय आंतरराष्ट्रीय विमानतळ प्राधिकरण’ या १९७९ च्या निकालात न्यायमूर्ती पी. एन. भगवती यांनी एक तत्त्व घालून दिले: शासनाने किंवा शासनाच्या अंगभूत संस्थेने एकदा निकष जाहीर केले, की त्या निकषांनी ती संस्था स्वतःही बांधली जाते आणि करार देताना तिला मनमानी करता येत नाही, कारण समतेच्या हक्काची हमी देणारा अनुच्छेद १४ तिथेही लागू होतो.

या निकालाचा उत्तरार्ध फारसा सांगितला जात नाही, पण विषयाच्या दृष्टीने तोच अधिक उद्बोधक आहे. अट शिथिल होणार हे ठाऊक असते तर आपणही बोली लावली असती, अशी अर्जदाराची तक्रार होती; न्यायालयाने ती तत्त्वतः ग्राह्य मानली. तरीही त्याला दाद मिळाली नाही, कारण याचिका दाखल होईपर्यंत पाच महिन्यांहून अधिक काळ लोटला होता, ठेकेदाराने जागेवर खर्च केला होता आणि अर्जदार दुसऱ्याच कुणाच्या वतीने उभा असल्याचे न्यायालयाला दिसले होते. म्हणजे प्राधिकरणाचे वागणे चुकीचे ठरले, पण करार तसाच राहिला. पुढे १९९४ च्या ‘टाटा सेल्युलर’ निकालात सर्वोच्च न्यायालयाने आपल्या अधिकाराची मर्यादा आणखी स्पष्ट केली: निर्णय शहाणपणाचा होता की नाही हे न्यायालय पाहणार नाही, तो घेण्याची प्रक्रिया कायदेशीर आणि निःपक्षपाती होती की नाही एवढेच पाहील. या भूमिकेमागचे कारण समजण्यासारखे आहे, कारण पुलाचा कोणता आराखडा चांगला हे न्यायाधीशांनी ठरवू लागणे कुणालाच परवडणारे नाही. पण त्याचा परिणाम असा झाला, की प्रशासनाने आपली सारी सावधगिरी प्रक्रियेच्या कागदांवर केंद्रित केली. कागद निर्दोष असला की निर्णयही निर्दोष, ही समजूत कार्यालयांतून रुजली.

ही प्रक्रिया कशी चालते, हे एखाद्या रस्त्याच्या किंवा इमारतीच्या कामाच्या आधारे पाहिले तर तिच्यातील फटीही दिसू लागतात. काम हाती घेण्याची गरज आणि त्यासाठीचा पैसा मान्य झाल्याचा आदेश म्हणजे प्रशासकीय मान्यता. त्या कामाचा आराखडा आणि खर्चाचा हिशेब अभियांत्रिकीच्या दृष्टीने योग्य असल्याचा सक्षम अभियंत्याचा दाखला म्हणजे तांत्रिक मान्यता. खोदाई, खडी, डांबर, सिमेंट, मजुरी अशा प्रत्येक बाबीचा मान्य दर सांगणाऱ्या दरसूचीवरून, म्हणजे प्रचलित भाषेत ‘डीएसआर’वरून, अंदाजपत्रक तयार होते. मग निविदा सूचना निघते आणि बोली लावणारे ठेकेदार बयाणा रक्कम भरतात, जेणेकरून बोली लावून ऐन वेळी माघार घेणाऱ्याला काही किंमत मोजावी लागावी. बोली दोन लिफाफ्यांत दिली जाते: पहिल्या, तांत्रिक लिफाफ्यात अनुभव, उलाढाल, यंत्रसामग्री यांची कागदपत्रे असतात आणि पहिल्यात पात्र ठरलेल्यांचाच दुसरा, आर्थिक लिफाफा उघडला जातो. त्यांतील सर्वांत कमी दराचा बोलीदार ‘एल-वन’ म्हणून ओळखला जातो. अंदाजपत्रकापेक्षा कमी दराला ठेकेदार ‘बिलो’ म्हणतात, जास्त दराला ‘अबव्ह’. एल-वनला कार्यारंभ आदेश मिळतो, तो सुरक्षा ठेव भरतो आणि काम सुरू होते.

या साखळीत सर्वाधिक पहारा आर्थिक लिफाफ्यावर असतो, आणि तो अनाठायी नाही. कागदी निविदांच्या काळात लिफाफे फोडणे, निविदेचा कोरा संचच न देणे, निविदा भरण्याच्या शेवटच्या दिवशी कार्यालयाच्या दारात माणसे उभी करून प्रतिस्पर्ध्याला आत जाऊ न देणे, हे प्रकार राज्याराज्यांत घडत. ई-निविदेने यातले बरेच संपवले. संगणकीय प्रणालीवर बोली कुठूनही भरता येते, ती डिजिटल स्वाक्षरीने कुलूपबंद होते आणि ठरलेल्या वेळेपूर्वी उघडता येऊ नये अशी तिची रचना असते. महाराष्ट्र शासनाने १ डिसेंबर २०१६ रोजी कार्यालयीन खरेदीची नियमपुस्तिका काढून तीन लाखांवरील खरेदीसाठी ई-निविदेचा मार्ग रूढ केला. केंद्रात त्याच वर्षी ‘गव्हर्नमेंट ई-मार्केटप्लेस’ अर्थात ‘जेम’ हे खरेदी संकेतस्थळ सुरू झाले, आणि पुढच्याच वर्षी पुरवठा व विल्हेवाट महासंचालनालय हे केंद्राचे जुने खरेदी खाते बंद करण्यात आले. केंद्राच्या २०१७ च्या सामान्य वित्तीय नियमांतील नियम १४४ खरेदी करणाऱ्या अधिकाऱ्यावर काटकसर, पारदर्शकता, पुरवठादारांना समान वागणूक आणि स्पर्धेला उत्तेजन यांची जबाबदारी टाकतो. अर्थात प्रणाली अभेद्य असते, असेही नाही. मध्य प्रदेशात २०१८ मध्ये जल निगमाच्या तीन ई-निविदांमधील बोलींत फेरफार झाल्याचे उघडकीस आले आणि त्या रद्द कराव्या लागल्या. तरीही लिफाफ्याच्या सुरक्षिततेचा प्रश्न बऱ्याच अंशी सुटला, हे मान्य केले पाहिजे.

सुटला नाही तो लिफाफा भरण्याआधीचा प्रश्न. बोली लावायला पात्र कोण, हे निविदेच्या अटी ठरवतात, आणि अटी लिहिणारा अधिकारी कोणत्याही नियमाचा भंग न करता स्पर्धा दोन-तीन जणांपुरती आवळू शकतो. समान कामाचा अनुभव मागणे रास्त आहे. पण ‘समान’ची व्याख्या इतकी बारीक केली, की ती एकाच कंपनीच्या गेल्या वर्षीच्या कामाशी जुळते, तर निकाल आधीच लागलेला असतो. यंत्र खरेदीत एखाद्या उत्पादकाच्या माहितीपत्रकातील मापे जशीच्या तशी विनिर्देशात उतरवणे, डांबराचा मिश्रण प्रकल्प कामापासून ठरावीक किलोमीटरच्या आत असण्याची अट घालणे, निविदा भरण्याची मुदत सणासुदीच्या सुट्टीत संपवणे, ही या कलेची ओळखीची रूपे आहेत. उलट दिशेची युक्ती म्हणजे कामाचे तुकडे पाडणे. मर्यादा तीन लाखांची असेल, तर तीन लाखांच्या किंचित खाली राहणाऱ्या कामांची रांग लागते. एकच रस्ता साखळी क्रमांकानुसार, म्हणजे अंतराच्या टप्प्यांनुसार, अनेक कामांत विभागला जातो आणि प्रत्येक तुकडा दरपत्रकांवर, म्हणजे तीन कोटेशनांवर, निकाली निघतो. ही तिन्ही कोटेशने पुष्कळदा एकाच टेबलावर तयार होतात, हे कुणाला नवीन नाही.

स्पर्धेचे सोंग किती हुबेहूब वठवता येते, याची नोंद पुणे महापालिकेच्या प्रकरणात झाली आहे. २०१४ च्या अखेरीस आणि २०१५ च्या आरंभी महापालिकेने ओल्या व सुक्या कचऱ्यावर प्रक्रिया करणारे प्रकल्प उभारण्यासाठी निविदा काढल्या. त्यांवर नागरिक चेतना मंच या संस्थेने भारतीय स्पर्धा आयोगाकडे तक्रार केली. निविदेतील संगनमत, म्हणजे बोलीदारांनी आपसांत ठरवून कोणी किती दर भरायचा आणि कोणी हरायचे हे निश्चित करणे, हा २००२ च्या स्पर्धा अधिनियमाच्या कलम ३ चा भंग ठरतो. पुरेशा बोली आल्या नाहीत म्हणून निविदा रद्द होऊ नये, यासाठी कचरा व्यवस्थापनाशी काडीचाही संबंध नसलेल्या व्यवसायातील मंडळींच्या नावे नावापुरत्या बोली भरल्याचे चौकशीत दिसले. एकाच बँक खात्यातून निघालेले धनाकर्ष आणि एकाच संगणकीय पत्त्यावरून भरलेल्या बोली, असे दुवे पुढे आले. संबंधितांनी शिक्षेत सवलत मिळावी म्हणून स्वतःहून माहिती दिली आणि मे २०१८ मध्ये आयोगाने दंड ठोठावला. या प्रकरणात एक विरोधाभास आहे. प्रत्येक निविदा नियमानुसार जाहीर झाली, ऑनलाइन भरली गेली आणि उघडली गेली. कागदावर बोलीदारांची संख्याही पुरेशी होती. ज्या इलेक्ट्रॉनिक खुणांमुळे हे संगनमत सापडले, त्या खुणा प्रणालीत पहिल्या दिवसापासून पडून होत्या. त्या पाहण्याची जबाबदारी कुणाचीच नव्हती, म्हणून बाहेरच्या एका संस्थेच्या तक्रारीची वाट पाहावी लागली. माहिती साठवणे आणि त्या माहितीबद्दल कुणाला तरी उत्तर द्यावे लागणे, या दोन गोष्टींतील अंतर याहून स्पष्ट दाखवणारे उदाहरण शोधूनही सापडणे अवघड.

निविदेनंतरचा टप्पा तर सामान्य नागरिकाच्या नजरेला पडतच नाही, आणि मोठा पैसा हलतो तो तिथेच. झालेल्या कामाची लांबी, रुंदी, जाडी ज्या वहीत नोंदवली जाते ती मोजमाप पुस्तिका, खात्याच्या बोलीत ‘एमबी’, हा सार्वजनिक बांधकामाच्या जगातील सर्वांत महत्त्वाचा दस्तऐवज आहे. तिची पाने क्रमांकित असतात, तिच्यात खाडाखोड चालत नाही, कनिष्ठ अभियंता मोजमापे लिहितो आणि वरिष्ठ त्यांतील ठरावीक हिस्सा प्रत्यक्ष तपासतो; या नोंदींवरूनच ठेकेदाराचे चालू देयक आणि शेवटी अंतिम देयक निघते. ७५ मिलिमीटरचा डांबरी थर ५० मिलिमीटरचा टाकून ७५ चा नोंदवला गेला, तर निविदा कितीही स्वच्छ असली तरी तिसरा हिस्सा हवेत गेला. तीस टक्के ‘बिलो’ दराने काम घेणारा ठेकेदार धर्मादाय वृत्तीने बोली लावत नाही. तो हिशेब एमबीच्या पानांवर पुरा करण्याची त्याची अपेक्षा असते. फार कमी दराने बोली लावणाऱ्याकडून अतिरिक्त सुरक्षा ठेव घेण्याची पद्धत याच भीतीतून आली. नालेसफाईसारख्या कामात तर मोजायची वस्तूच नाहीशी होते: किती गाळ काढला याचा पुरावा वजनकाट्याच्या पावत्या आणि गाड्यांच्या फेऱ्यांच्या नोंदी एवढाच उरतो, आणि पुढचा पाऊस नाला पुन्हा भरून टाकतो.

पोटठेकेदारीचा प्रश्नही याच टप्प्यातला. पात्रतेच्या कठोर अटी पार करून बडी कंपनी काम मिळवते आणि मग ते तुकड्यातुकड्यांनी अशा लहान ठेकेदारांकडे सोपवते, ज्यांना त्या अटींवर निविदा भरताच आली नसती. सुवर्ण चतुष्कोन महामार्ग प्रकल्पावर काम करणारे तरुण अभियंते सत्येंद्र दुबे यांनी २००२ मध्ये पंतप्रधान कार्यालयाला पत्र लिहून हीच तक्रार केली होती. आपले नाव गुप्त ठेवावे, ही त्यांची विनंती पाळली गेली नाही. २७ नोव्हेंबर २००३ रोजी गया येथे त्यांची हत्या झाली. न्यायालयाने २०१० मध्ये तिघांना दोषी ठरवले, आणि तपास यंत्रणेने हे कृत्य लुटीच्या हेतूने झाल्याचे म्हटले होते. या प्रकरणानंतर गैरव्यवहार उघड करणाऱ्यांची ओळख गुप्त ठेवण्यासाठी केंद्राने २००४ मध्ये ठराव केला आणि २०१४ मध्ये संसदेचा कायदाही झाला. तो कायदा मात्र अंमलात आणला गेला नाही.

काम सुरू झाल्यावर कराराची रक्कमच बदलण्याचे मार्ग आणखी आहेत. मूळ अंदाजपत्रकात नसलेली बाब निघाली तर ती ‘अतिरिक्त बाब’ म्हणून स्वतंत्र दराने दिली जाते. परिमाण वाढले तर वाढीव परिमाणाची मंजुरी घेतली जाते. मुदतवाढ मिळाली की भाववाढीचे कलम लागू होते. खोदकामात अनपेक्षित खडक लागू शकतो आणि भूसंपादन रेंगाळू शकते, त्यामुळे या तरतुदी असायलाच हव्यात. परंतु स्पर्धेतून ठरलेला दर आणि अखेरीस दिलेली रक्कम यांत जे अंतर पडते, त्या अंतरावर स्पर्धेचा कोणताही अंकुश नसतो. एकूण खर्च मूळ मंजुरीपलीकडे गेला की नवी मंजुरी घ्यावी लागते, तिचे नाव सुधारित प्रशासकीय मान्यता. महाराष्ट्राच्या पाटबंधारे वर्तुळात ‘सुप्रमा’ हे तिचे लघुरूप इतके रुळले आहे, की पहिली, दुसरी, तिसरी सुप्रमा अशी तिची गणती सहज होते.

गोसीखुर्दचा आकडा या संदर्भात पुरेसा बोलका आहे. वैनगंगेवरील या प्रकल्पाला १९८३ मध्ये सुमारे ३७२ कोटी रुपयांची मान्यता मिळाली, १९८८ मध्ये तत्कालीन पंतप्रधान राजीव गांधी यांच्या हस्ते भूमिपूजन झाले, आणि त्यानंतरच्या सुप्रमांनी त्याची किंमत १८ हजार कोटींच्या पुढे नेली. या वाढीत महागाई आहे, वाढलेली व्याप्ती आहे, पुनर्वसनाचा न्याय्य खर्चही आहे. पण कोणत्या कारणाने किती वाढ झाली, याचे नागरिकाला समजेल असे उत्तर सहजासहजी मिळत नाही. राज्याच्या २०११-१२ च्या आर्थिक पाहणीत दशकभरात सिंचित क्षेत्राचे प्रमाण अवघ्या ०.१ टक्क्याने वाढल्याचे दिसले आणि याच काळात सुमारे ७० हजार कोटी रुपये खर्च झाल्याची चर्चा सुरू झाली, तेव्हा राज्यात मोठा गदारोळ उठला. मुख्य अभियंता विजय पांढरे यांनी पत्रे लिहून कामांच्या दर्जावर आणि वाढीव किमतींवर बोट ठेवले. शासनाने श्वेतपत्रिका काढली आणि आकडेवारीच्या तुलनेवरच आक्षेप घेतला. जलतज्ज्ञ माधव चितळे यांच्या अध्यक्षतेखाली विशेष चौकशी पथक नेमण्यात आले आणि २०१४ मध्ये त्याचा अहवाल आला. आकडा बरोबर की चूक, यावर वाद होऊ शकतो. पण त्यानंतरची काही वर्षे आर्थिक पाहणीत सिंचित क्षेत्राची टक्केवारी ‘उपलब्ध नाही’ अशीच छापली जात राहिली. ज्या आकड्यामुळे जाब विचारला गेला तोच आकडा छापणे थांबावे, ही प्रशासनाची प्रतिक्रिया म्हणून नोंदवून ठेवण्याजोगी आहे.

देयकांचा क्रम हा असाच एक दुर्लक्षित कोपरा आहे. निधीपेक्षा अधिक कामे मंजूर करण्याची सवय सर्वपक्षीय आहे. परिणामी ठेकेदारांची बिले महिनोन्महिने, कधी वर्षानुवर्षे थकतात, आणि मार्चअखेरीस थोडा निधी आला की कोणाचे बिल आधी काढायचे हा अधिकार अतिशय मौल्यवान होतो. या क्रमासाठी कोणतीही जाहीर यादी नसते. आपले बिल अडकणार हे ज्या ठेकेदाराला आधीच ठाऊक असते, तो त्या विलंबाचे व्याज आणि बिल सोडवण्याचा खर्च बोलीतच धरतो किंवा कामातून वसूल करतो. म्हणजे उशिराने पैसे देणारे शासन स्वतःच आपली खरेदी महाग किंवा निकृष्ट करून घेते. प्रामाणिक ठेकेदार या बाजारातून हळूहळू बाहेर पडतात, ही बाब कोणत्याही लेखापरीक्षण अहवालात मावत नाही.

अधिकाऱ्यांची बाजूही समजून घ्यायला हवी. अंतिम मंजुरीवर सही करणाऱ्याला दहा वर्षांनी चौकशीला सामोरे जावे लागू शकते, आणि त्या वेळी ‘सर्वांत कमी दर असताना दुसऱ्याला काम का दिले’ या प्रश्नाचे उत्तर देणे ‘सर्वांत कमी दराने घेतलेला रस्ता का खचला’ याच्या उत्तरापेक्षा कितीतरी अवघड असते. म्हणून चांगला अधिकारीही डोळे झाकून एल-वनला काम देतो. केंद्रीय दक्षता आयोगाने २००७ मध्ये निविदेनंतरच्या वाटाघाटींवर कठोर बंधने घातली, कारण वाटाघाटीच्या नावाखाली सौदे होत. ते योग्यच होते, पण त्यामुळे अधिकाऱ्याच्या विवेकाला उरलेली जागाही आक्रसली. ज्या व्यवस्थेत चुकीच्या निवडीपेक्षा वेगळ्या निवडीची शिक्षा मोठी, तिथे गुणवत्तेला वाली राहत नाही.

उत्तरदायित्वाची घटनात्मक यंत्रणा म्हणजे भारताचे नियंत्रक व महालेखापरीक्षक, ज्यांचा राज्यविषयक अहवाल विधिमंडळात मांडला जातो आणि लोकलेखा समिती त्याची छाननी करते. या अहवालांचा दर्जा बहुधा उत्तम असतो. त्यांची उणीव काळाची आहे, कारण ते पोहोचतात तेव्हा ठेकेदाराचे अंतिम देयक निघालेले, दोष दायित्वाचा कालावधी, म्हणजे बांधकामातील दोष ठेकेदाराने स्वखर्चाने दुरुस्त करून देण्याची मुदत, संपलेला आणि अभियंता बदली होऊन किंवा निवृत्त होऊन गेलेला असतो. काम चालू असताना जाब विचारण्याचा मार्ग भारतात प्रथम परिणामकारकपणे दाखवला तो राजस्थानातील मजदूर किसान शक्ती संघटनेने. २ डिसेंबर १९९४ रोजी पाली जिल्ह्यातील कोटकिराना येथे या संघटनेने पहिली जनसुनवाई घेतली आणि सरकारी कामांचे हजेरीपट व देयके गावासमोर जाहीरपणे वाचून दाखवली. कोण कामावर आले होते आणि कोण नव्हते, काय बांधले गेले आणि काय कागदावरच राहिले, हे गावाइतके कुणालाच ठाऊक नसते. कमतरता होती ती गावाच्या हाती कागद येण्याची. रोजगार हमीमुळे हजेरीपट आणि मजुरीच्या नोंदी यांची ओळख महाराष्ट्राला त्याच्याही आधीपासून होती, आणि माहितीच्या अधिकाराचा स्वतःचा कायदा करण्यातही अण्णा हजारे यांच्या आंदोलनानंतर हे राज्य २००२ मध्ये केंद्राच्या पुढे गेले.

२००५ च्या केंद्रीय माहिती अधिकार कायद्यातील कलम २(ञ) कडे कंत्राटांच्या संदर्भात पुरेसे लक्ष दिले जात नाही. या कलमानुसार नागरिकाला दस्तऐवजांच्या प्रती मिळतात एवढेच नाही, तर चालू कामाची पाहणी करण्याचा आणि साहित्याचे प्रमाणित नमुने घेण्याचाही हक्क आहे. म्हणजे रस्त्यावर ओतल्या जाणाऱ्या काँक्रीटचा नमुना मागण्याचा अधिकार कायद्याने दिला आहे. प्रत्यक्षात अर्जदार मोजमाप पुस्तिकेची प्रत मागतो तेव्हा कार्यालय बहुधा कलम ८(१)(घ) पुढे करते, ज्यात व्यापारी गुपिताचा अपवाद आहे. बोली चालू असताना हा अपवाद न्याय्य आहे. करार झाल्यावर आणि सार्वजनिक पैसा दिल्यावर किती सिमेंट वापरले हे कुणाचे व्यापारी गुपित असू शकते, याचे समाधानकारक उत्तर कुणी देत नाही.

दुसरीकडे काही देशांनी अर्जाची गरजच काढून टाकली. स्लोव्हाकियाने १ जानेवारी २०११ पासून असा नियम केला, की सार्वजनिक संस्थेचा करार संकेतस्थळावर प्रसिद्ध झाल्याशिवाय लागू होत नाही, आणि तीन महिन्यांत प्रसिद्ध झाला नाही तर तो झालाच नाही असे मानले जाते. या रचनेत प्रसिद्धीची काळजी ठेकेदारालाच वाहावी लागते, कारण करार अप्रसिद्ध राहिला तर पैसे त्याचेच बुडतात. युक्रेनने २०१६ मध्ये ‘प्रोझोरो’ या प्रणालीवर सर्व सार्वजनिक निविदा आणणे बंधनकारक केले आणि बोलीची कागदपत्रेही खुली केली. शोधपत्रकार आणि हरलेले बोलीदार हे तिचे सर्वांत जागरूक वाचक ठरले, कारण चूक शोधण्यात त्यांचा थेट स्वार्थ होता.

भारतात सार्वजनिक खरेदीचा एकसंध केंद्रीय कायदा नाही. २०१२ मध्ये लोकसभेत मांडलेले विधेयक २०१४ मध्ये सभागृहासह व्यपगत झाले. तमिळनाडूने १९९८ मध्ये, कर्नाटकाने १९९९ मध्ये आणि राजस्थानने २०१२ मध्ये स्वतःचे कायदे केले. महाराष्ट्राचा कारभार मात्र शासन निर्णय, नियमपुस्तिका आणि खात्यांच्या संहिता यांवर चालतो. शासन निर्णय दुसऱ्या शासन निर्णयाने एका रात्रीत बदलता येतो, त्याचा भंग झाला म्हणून नागरिकाला थेट दाद मागता येईलच असे नाही, आणि कोणत्या अटी शिथिल करायच्या याचा अधिकार अटी घालणाऱ्याकडेच राहतो. कायदा झाला तरी त्यात काय असेल यावर सारे अवलंबून आहे, कारण वर उल्लेखलेल्या राज्यांचे कायदेही प्रामुख्याने निविदेची जाहिरात, छाननी आणि अपील यांभोवतीच फिरतात. मूळ करार, प्रत्येक मुदतवाढ, प्रत्येक अतिरिक्त बाब आणि तिचे कारण, मोजमाप पुस्तिकेची पाने, चालू देयकांची रक्कम आणि ती अदा झाल्याची तारीख, हे सारे आज खात्यांच्या दप्तरात असतेच. ज्या संकेतस्थळावर निविदेची सूचना झळकते त्याच ठिकाणी, त्याच निविदेच्या क्रमांकाखाली ते उपलब्ध करण्यात तांत्रिक अडचण नाही. अडचण अशी, की आज निविदा निकाली निघाली की त्या क्रमांकाचे सार्वजनिक आयुष्य संपते आणि पुढचा सारा व्यवहार वेगळ्या नस्तीत, वेगळ्या क्रमांकाखाली चालू राहतो.